लांब, आधी, पासून, पर्यंत: पोरांना इंग्रजीतलं अंतर कसं शिकवायचं?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. एक विषय वर्गात सारखा आडवा येतो आणि पुस्तकातल्या कुठल्याही एका धड्यात तो एकत्र सापडत नाही, म्हणून इथं मांडते. अंतर सांगणारे इंग्रजी शब्द. गाव किती लांब हे सांगणारे, आणि गोष्ट किती दिवसांपूर्वीची हे सांगणारेसुद्धा.

वह्यांमधली ही वाक्यं बघा:

'माय व्हिलेज इज व्हेरी लाँग.'
'जालना इज सिक्स्टी किलोमीटर फार फ्रॉम संभाजीनगर.'
'वी केम हिअर बिफोर थ्री इयर्स.'
'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स.'
'आय विल वेट फॉर यू बाय फाइव्ह ओ'क्लॉक.'

ही वाक्यं लिहिणारी पोरं ढ नाहीत. प्रत्येक वाक्यामागं नीट, शुद्ध मराठी उभी आहे. 'लांब' आपण कासऱ्यालाही म्हणतो आणि गावालाही. इंग्रजीत कासरा 'लाँग', पण गाव 'फार' किंवा 'अ लाँग वे अवे'. त्यात 'फार' हा शब्द पोरांना आपल्याच घरातला वाटतो, त्यामुळं तो कुठंही बसवतात. पण आकडा आला की तो चालत नाही. तिथं 'सिक्स्टी किलोमीटर्स अवे' किंवा नुसतं 'सिक्स्टी किलोमीटर्स फ्रॉम'. 'हाऊ फार' असं विचारायचं, पण उत्तरात 'फार' द्यायचा नाही, हे मुलांना अन्यायाचं वाटतं आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

पुढं तर गुंता वाढतो. आपला 'पूर्वी' हा 'अगो' आणि 'बिफोर' दोघांचं काम एकटा करतो. 'पासून' हा 'फ्रॉम', 'सिन्स' आणि 'फॉर' तिघांचं. 'पर्यंत' 'बाय', 'टिल', 'अप टू' सगळ्यांचं. शब्दार्थांचा तक्ता पाठ करून हे बसत नाही असं माझं ठाम मत आहे, कारण तक्त्यात 'पूर्वी' समोर दोन शब्द असतात आणि कुठला कधी वापरायचा ते तक्ता सांगत नाही. तुम्ही कसं शिकलात, कसं शिकवता, ते सांगा. आपल्या भागातली उदाहरणं असतील तर फारच बरं.

मांजरा_पुणे

बाई, हा धागा काढलात ते फार चांगलं केलंत. मी मूळ औसा तालुक्यातला, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. आमच्याकडं नवीन येणारी मराठवाड्यातली पोरं कोड लिहायला कुणाला हार जात नाहीत, पण तारखांच्या इंग्रजीत अडकतात. सगळ्यात जास्त घोळ 'बॅक' आणि 'फॉरवर्ड'चा.

मराठीत मीटिंग 'पुढं ढकलली' म्हणजे नंतरच्या तारखेला गेली. कुणालाही शंका येत नाही. इंग्रजीत नंतरच्या तारखेला गेली तर म्हणतात 'पुश्ड बॅक'. शब्दशः बघाल तर मागं ढकलली! आणि अलीकडं आणली तर 'ब्रॉट फॉरवर्ड', म्हणजे पुढं आणली. आपल्या मागं-पुढंच्या बरोब्बर उलट. एका नव्या मुलानं क्लायंटचा 'पुश्ड बॅक टू फ्रायडे' असा मेल वाचला आणि काम आधीच्याच शुक्रवारी द्यायचं समजून दोन रात्री जागून काढल्या. त्याला कुणी वेडा म्हणू नका. मराठी डोक्यानं त्यानं बरोबरच वाचलं होतं.

नुसतं 'मूव्ह्ड फॉरवर्ड' म्हटलं तर खुद्द इंग्रजी भाषिकांचंही एकमत होत नाही. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांचा २००२ चा यावर प्रसिद्ध अभ्यास आहे. प्रश्न एवढाच: बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली, आता ती कोणत्या वारी? कुणी सोमवार म्हणतं, कुणी शुक्रवार. गंमत पुढं आहे. जे लोक नुकताच प्रवास करून आले किंवा रांगेत पुढं सरकले, ते शुक्रवार जास्त सांगत होते. आपण काळातून पुढं चाललोय असं वाटलं तर शुक्रवार, काळ आपल्याकडं चालत येतोय असं वाटलं तर सोमवार. म्हणजे वेळेबद्दल बोलताना माणूस जागेचाच विचार करत असतो.

मी ज्युनिअर्सना सांगतो, 'पोस्टपोन' वापरा आणि शेजारी तारीख लिहा. 'प्रीपोन' आपल्या देशात सगळ्यांना कळतो, पण परदेशी माणसाला लिहिताना 'अर्लिअर' शब्द घालून वाक्य करा.

सोयाबीन_माजलगाव

बाई, माझं इंग्रजी दहावीपुरतंच, पण मोजमाप हे आमचं रोजचं काम. म्हणून लिहायलोय.

मोजणीवाला रानात आला की पहिलं काय विचारतो? 'दगड कुठाय?' हद्दीचा दगड सापडल्याबिगर तो मोजायला सुरुवातच करत नाही. कितीही चांगली मशीन आणू द्या, सुरुवात कुठून हे ठरलं नाही तर आकड्याला काही अर्थ नाही. मला वाटतं तुमच्या 'अगो' आणि 'बिफोर'चं असंच असावं. दगड आजच्या दिवसावर रोवला का दुसऱ्या कुठल्या दिवसावर, एवढं पोरांना आधी विचारा.

आता तुम्हाला एक आमच्या कामाची गोष्ट सांगतो. फर्लांग हा शब्द आमची म्हातारी माणसं अजून वापरतात. 'शाळा दोन फर्लांगावर हाय.' हा इंग्रजी शब्द 'फरो' आणि 'लाँग' यांचा मिळून झालेला, म्हणजे नांगराच्या एका तासाची, म्हणजे सरीची, लांबी. बैलांनी दम न खाता एका दमात जेवढं तास ओढायचं तेवढं अंतर. २२० यार्ड, म्हणजे ६६० फूट. आठ फर्लांगांचा मैल. आता हे फर्लांगभर लांब तास घ्या आणि रुंदी ६६ फूट घ्या, किती झालं? ४३,५६० चौरस फूट. बरोबर एक एकर, आपले ४० गुंठे. आपली जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. सायेबाच्या बैलाचं तास आणि आपला गुंठा एकमेकांत चपखल बसतात. हे कळलं तेव्हा मी बांधावर बसून कागदावर दोनदा गुणाकार केला.

दुधनाकाठ

दादा, 'दगड कुठाय' हे मी उद्याच वर्गात वापरणार. याच्याइतकं नेमकं मला सुचलं नसतं. तुमचंच धरून पुढं मांडते.

'अगो'चा दगड कायम आत्ताच्या क्षणावर असतो. तिथून हलतच नाही. 'पाऊस तीन दिवसांपूर्वी पडला': दगड आज, म्हणून 'थ्री डेज अगो'. 'पाऊस पेरणीच्या तीन दिवस आधी पडला': दगड पेरणीच्या दिवशी, म्हणून 'थ्री डेज बिफोर द सोइंग'. 'अगो' हा मुळात 'गेलेला' अशा अर्थाच्या जुन्या शब्दातून आला आहे. आपण 'गेल्या सोमवारी' म्हणतो ना, तोच विचार. गेलेला, संपलेला काळ. म्हणून त्याच्याबरोबर साधा भूतकाळ येतो, 'आय हॅव कम टू डेज अगो' असं होत नाही.

'सिन्स' आणि 'फॉर'लाही हे लागू पडतं. 'सिन्स'नंतर दगड सांगायचा: सोमवारपासून, दिवाळीपासून, २०१९ पासून. 'फॉर'नंतर दगडापासून आजपर्यंतची लांबी सांगायची: तीन दिवस, पाच वर्षं. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' दोन्हीकडं 'पासून'च, म्हणून पोरं दोन्हीकडं 'सिन्स' लावतात. क्रियापदही बदलतं: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स'. आपलं 'राहतो' आत्ताचं, त्यांचं मागून आत्तापर्यंत ओढत आणलेलं.

वॉर्ड_सिस्टर

मॅडम, 'सिन्स थ्री डेज' फक्त मुलांच्या वह्यांत नाही, केसपेपरवर रोज असतं. 'फीव्हर सिन्स थ्री डेज'. देशभरातल्या दवाखान्यांत असंच लिहितात आणि सगळ्यांना कळतं. त्यावर माझा आक्षेप नाही.

माझा जीव अडकतो तो डिस्चार्जच्या कागदावर. मराठीत आपण पेशंटला सांगतो, 'आठ दिवसांनी दाखवायला या.' आपल्याकडं आठ दिवस म्हणजे आठवडा. आज सोमवार असेल तर पुढचा सोमवार, दोन्ही सोमवार धरून आठ. कागदावर मात्र असतं 'सेव्हन डेज'. पंधरा दिवसांचंही तसंच, इंग्रजीतला 'फोर्टनाईट' म्हणजे चौदा रात्री, आपला पंधरवडा पंधरा दिवसांचा, आणि येतो एकाच वाराला. आपण दोन्ही टोकांचे दिवस मोजतो, ते मधल्या रात्री मोजतात. हे नव्या सिस्टर्सना मी आवर्जून समजावते. कारण पेशंट शिकलेल्या नातवाकडून कागद वाचून घेतो आणि मग म्हणतो, 'तुम्ही आठ सांगितले, इथं सात लिहिलेत, खरं कोणतं?'

दुसरं, 'आफ्टर', 'इन' आणि 'विदिन'. टाके काढायला 'सात दिवसांनी' या, म्हणजे सातवा दिवस उजाडल्यावर. 'सात दिवसांत' या म्हणजे तिसऱ्या दिवशीही चालेल. मराठीत फक्त 'नी' आणि 'त'चा फरक, तो आपल्या कानाला लगेच कळतो. इंग्रजीत 'इन सेव्हन डेज' म्हणजे बहुतेक वेळा सात दिवसांनी, पण मराठी पोरगं 'इन' म्हणजे 'त' असं शिकलेलं असतं, ते 'सात दिवसांत' समजतं. एक आजी टाके ओले असताना चौथ्या दिवशी आल्या होत्या. दूरच्या तांड्यावरून, दोन गाड्या बदलून. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी कागदावर वार आणि तारीख मराठीत लिहून देते.

रोखठोक_बीड

सगळं ठीक आहे, पण एवढा कीस काढायची खरंच गरज आहे का? 'बिफोर थ्री इयर्स' म्हटलं तरी समोरच्याला कळतं. आपली भाषा नाही ती. आपण ती आपल्या पद्धतीनं बोललो तर काय बिघडलं? आधीच खेड्यातली पोरं इंग्रजी बोलायला घाबरतात. त्यात चुका दाखवत बसलो तर तोंडच उघडणार नाहीत. शिवाय 'प्रीपोन' आपण घडवला आणि चालला की नाही? उद्या 'सिन्स थ्री इयर्स' पण चालेल.

दुधनाकाठ

तुमची काळजी माझीही आहे. म्हणून बोलताना मी कुणालाच मधे अडवत नाही. 'बिफोर थ्री इयर्स' म्हणणाऱ्या मुलाचं वाक्य पूर्ण ऐकून घेते, उत्तरात तेच वाक्य नीट वापरते आणि पुढं जाते.

पण सगळ्या चुका सारख्या नसतात. काही नुसत्या कानाला खटकतात, काहींनी अर्थच फिरतो. 'पर्यंत' घ्या. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत ये'. मराठीत दोन्हीकडं 'पर्यंत', क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत पहिलं 'टिल फाइव्ह': पाच वाजेपर्यंत थांबणं चालूच. दुसरं 'बाय फाइव्ह': पाचच्या आत कधीही ये, उशीर नको. आता 'फिनिश द वर्क बाय मंडे' आणि 'वर्क टिल मंडे' यांची अदलाबदल झाली तर एकजण काम संपवून निघून जाईल आणि दुसरा सोमवारपर्यंत राबत बसेल. वर सिस्टरनी सांगितलेला 'इन'चा घोटाळा असाच, आणि मांजरा यांचा 'पुश बॅक'सुद्धा. अशा ठिकाणी मी हट्ट धरते आणि धरणार. खेड्यातल्या पोराला कुणी 'कळलं हं' म्हणून सांभाळून घेणार नाही, नोकरीच्या ठिकाणी तर नाहीच. त्याच्या हातात नेमका शब्द असलाच पाहिजे.

रोखठोक_बीड

अर्थ फिरतो तिथं हट्ट धरा, हे मान्य. खटकण्यावर नको, एवढंच माझं म्हणणं.

देगलूरकर

आमच्या देगलुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी चारही भाषा एका चहाच्या हॉटेलात ऐकू येतात. त्यामुळं एक निरीक्षण.

मराठीत 'परवा' दोन्ही बाजूंना चालतो. 'परवा आलो', 'परवा येतो'. क्रियापद सांगतं कुठला परवा. दखनी बोलणारे शेजारी 'कल'सुद्धा दोन्हीकडं वापरतात, आपल्याकडं निदान 'काल' आणि 'उद्या' वेगळे. तेलुगूत मात्र गेलेला परवा 'मोन्ना' आणि येणारा 'एल्लुंडि'. कन्नडमध्ये 'मोन्ने' आणि 'नाडिद्दु'. दोन स्वतंत्र शब्द. इंग्रजीत 'द डे बिफोर यस्टर्डे' आणि 'द डे आफ्टर टुमॉरो', लांबलचक पण स्वच्छ. माझा अनुभव असा की घरी तेलुगू बोलणारी मुलं ही दोन इंग्रजी रूपं लवकर उचलतात. आधीच दोन खण तयार असतात. मराठी मुलांना आधी विचारायचं, 'गेलेला का येणारा?' मग शब्द सांगायचा.

'नेक्स्ट संडे'बद्दलही लिहितो. आज गुरुवार असेल तर 'नेक्स्ट संडे' म्हणजे तीन दिवसांनी का दहा दिवसांनी? यावर खुद्द इंग्लंडातही माणसं वाद घालतात. 'नेक्स्ट' म्हणजे मुळात 'सगळ्यात जवळचा', 'जवळ' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी 'नाय' या शब्दाचं ते 'सगळ्यात' दाखवणारं रूप. तसं धरलं तर तीन दिवसांनी. पण आज बरेच लोक जवळच्याला 'धिस संडे' म्हणतात आणि त्याच्या नंतरच्याला 'नेक्स्ट'. आपल्याकडं 'येत्या रविवारी' म्हटलं की विषय संपला. 'येत्या'ला 'धिस कमिंग संडे' लिहा, कुठंही अडणार नाही.

नागनाथ_फिजिक्स

मी हिंगोली जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. माझ्या विषयात एक शब्द असा आहे की त्यात वर्ष आहे, पण तो वेळ सांगत नाही. 'लाइट इयर', प्रकाशवर्ष. दरवर्षी निम्मा वर्ग उत्तरपत्रिकेत त्याला कालावधी ठरवतो. ते अंतर आहे. प्रकाश एका वर्षात जेवढं जातो तेवढं, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.

आता आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो इंडियाचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा, प्रकल्प उभा राहतोय. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची. आमच्या पोरांना चार किलोमीटर म्हणजे काय हे नीट माहीत आहे, बरीच रोज तेवढं चालून किंवा सायकलनं येतात. एवढ्या लांब भुजेच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी कमी फरक पडला तर तो टिपायचा, हे त्या यंत्राचं काम.

अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची ती लहर, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. मी फळ्यावर एकाखाली एक दोन वाक्यं लिहितो. '१३० कोटी प्रकाशवर्षं अवे.' '१३० कोटी वर्षं अगो.' मग विचारतो, यातलं खरं कोणतं? पोरं बराच वेळ गप्प बसतात, आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, 'सर, दोन्ही!' लहर प्रकाशाच्याच वेगानं येते, त्यामुळं जेवढं लांब तेवढं जुनं. 'अवे' जागेतलं अंतर, 'अगो' काळातलं, आणि आकाशात दोन्ही एकाच आकड्यात येतात. माझ्या अनुभवात 'अवे' आणि 'अगो' यांतला फरक एवढा पक्का दुसऱ्या कशानं बसला नाही. इंग्रजीच्या मॅडमनी हे उदाहरण उचललं तर मला आनंद होईल.

सोयाबीन_माजलगाव

सर, हे भारीच. आमच्याकडं याच्या उलट, वेळ अंतरानं सांगतात. 'दिवस कासराभर वर आला'. म्हणजे सूर्य क्षितिजापासून कासऱ्याएवढा वर चढला. घड्याळ नव्हतं तेव्हा बैल सोडायची वेळ यावरच ठरायची. आमचे आजोबा तर लांब हात करून सूर्याकडं कासरा धरल्यासारखं दाखवायचे. याला इंग्रजीत काय म्हणायचं बाई?

अजून एक. 'पाऊस लांबला' हे पोरं कसं लिहितात ते विचारायचं होतं. माझ्या पुतण्यानं निबंधात 'द रेन बिकेम लाँग' लिहिलं. मला काही तरी चुकल्यासारखं वाटलं, पण नीट काय ते सांगता आलं नाही.

दुधनाकाठ

पुतण्याला सांगा, 'द रेन्स आर लेट' किंवा 'डिलेड'. 'द रेन बिकेम लाँग' वाचून परीक्षकाला वाटेल पाऊस थांबतच नव्हता, आणि आपल्याकडच्या जूनमध्ये म्हणायचं असतं नेमकं त्याच्या उलट. आपलं 'लांबणं' म्हणजे वेळ पुढं सरकणं. लग्न लांबलं, पेरणी लांबली, ऊसतोड लांबली, सगळीकडं 'डिलेड'. कार्यक्रम ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालला तर मात्र 'लाँग' कामाचा: 'इट टुक लाँगर'.

कासराभर दिवसाला इंग्रजीत असा तयार शब्द नाही. 'द सन वॉज अ लिटल अबव्ह द होरायझन' किंवा सरळ 'शॉर्टली आफ्टर सनराइज' लिहावं. पण मी मुलांना मराठी निबंधात 'कासराभर दिवस' मुद्दाम लिहायला लावते. तो शब्द आपल्या रानातला आहे, तो जाता कामा नये.

नात्याचं तेवढं जाता जाता. 'लांबचा मामा' हा 'डिस्टंट', 'जवळचा' तो 'क्लोज'. इथं 'फार' चालत नाही.

वकील_अंबड

दगडाची गोष्ट वाचून राहवलं नाही. मराठवाड्यातल्या जुन्या जमिनीच्या कागदांत काळाचा दगडच वेगळ्या जागी रोवलेला आहे. निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा. १३५७ फसली वाचलं की नवे पक्षकार घाबरतात, वाटतं सातशे वर्षांपूर्वीचा कागद! त्यात सुमारे ५९० मिळवायचे. हैदराबाद संस्थानाचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी फारसी. म्हणजे १३५७ फसली हे १९४७ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षभराचं, आणि १७ सप्टेंबर १९४८ हा मुक्तीचा दिवस त्याच फसलीच्या शेवटी येतो. एका आजोबांची कूळ म्हणून नोंद 'मुक्तीच्या आधीची का नंतरची' यावर सगळा दावा उभा होता. तिथं फसली महिना नीट उतरवला नसता तर त्यांची बाजूच राहिली नसती.

तयारी_चालू

सर्वांना नमस्कार. मी उदगीरला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. धागा पूर्ण वाचला, वहीत उतरवून घेतला. माझा प्रश्न अगदी कामाचा आहे. जाहिरातीत कधी 'बिफोर १५ जुलै' असतं, कधी 'ऑन ऑर बिफोर', कधी 'बाय', कधी 'विदिन १५ डेज फ्रॉम द डेट ऑफ पब्लिकेशन'. पंधरा तारीख धरायची का नाही? आणि प्रसिद्धीचा दिवस मोजायचा का? मैत्रिणीचा अर्ज यातच राहिला. वकील सर सांगतील का?

वकील_अंबड

ताई, सांगतो.

'बिफोर १५ जुलै' म्हणजे चौदाला रात्रीपर्यंत. पंधरा धरायची नाही. 'ऑन ऑर बिफोर' म्हणजे पंधरासुद्धा चालते, म्हणूनच ते तीन शब्द एकत्र लिहितात. 'बाय १५' मध्ये साधारणपणे पंधरा धरतात, पण कोणत्या वाजेपर्यंत हे जाहिरातीत शोधा. संकेतस्थळं कधी मध्यरात्री, कधी संध्याकाळीच बंद होतात.

'फ्रॉम'चं उत्तर कायद्यातच आहे. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, कलम ९. केंद्रीय कायद्यात मुदत मोजताना 'फ्रॉम' वापरला की पहिला दिवस सोडायचा, आणि 'टू' वापरला की शेवटचा दिवस धरायचा. जाहिरातीतही साधारण असंच मोजतात. प्रसिद्धी १ तारखेला असेल आणि 'विदिन १५ डेज फ्रॉम' लिहिलं असेल तर मोजणी २ पासून, शेवटचा दिवस १६. त्याच कायद्याचं कलम १० असं की न्यायालयात किंवा कार्यालयात करायच्या गोष्टीचा शेवटचा दिवस सुटीचा निघाला तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीत धरतात. पण ऑनलाइन अर्जाला ही सवलत गृहीत धरू नका, जाहिरातीतली तारीख हीच शेवटची समजा.

आणि या धाग्याचा विषय अंतराचा आहे म्हणून कलम ११ ही सांगतो. केंद्रीय कायद्यात अंतर म्हटलं की, वेगळं काही लिहिलं नसेल तर, ते सपाट पातळीवर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्यानं नाही. 'विदिन टू किलोमीटर्स' असं कुठल्या अटीत दिसलं आणि तुमचा रस्ता ओढ्याला वळसा घालून तीन किलोमीटर भरत असला, तरी नकाशावर सरळ रेघ दोनच्या आत येते का ते आधी बघा. मैत्रिणीला जाहिरातीचा कागद जपून ठेवायला सांगा, त्यावर प्रसिद्धीची तारीख छापलेली असते.